रिकामी दाण

उत्तरकालीन ताओ परंपरेतील असणे आणि नसणे या विषयावर मराठीत माझ्या माहितीप्रमाणे एकच ग्रंथ आहे. तो मी लिहिला. आणि तो वाचलेला माणूस मला अद्याप भेटलेला नाही. ज्या विद्वानांकडे तो अभिप्रायासाठी पाठवण्यात आला, त्यांनी ‘विषय आपल्या मातीतला नाही’ एवढे एक वाक्य लिहून मानधन उचलले. मी रागावलो नाही. राग ही उष्ण गोष्ट आहे आणि ती कालांतराने निवते. मी ते वाक्य पाठ करून ठेवले.

त्यामुळे निवृत्तीनंतरच्या एका थंडीच्या सकाळी भंडाऱ्यातील कोसा कापडाचे व्यापारी मोतीलाल हेडाऊ माझ्या दारात उभे राहिले आणि माझ्या अभ्यासविषयाची चौकशी करू लागले, तेव्हा मला आनंद झाला नाही, संशय आला.

“सर, तुमी नसण्याचे एक्स्पर्ट आहात न जी?”

“मी त्या विषयाचा अभ्यासक आहे. आपल्याला हे कोणी सांगितले?”

“म्या स्वतः आयकलं. लायब्ररीत तुमचं भाषण होतं. दुकानातली लाइट गेली होती, लायब्ररीत पंखा चालू होता. तवा तुमी म्हणाले, जे नाही ते जे आहे त्याच्यापेक्षा मोठं असू शकते.”

“तसे एका पक्षाचे मत आहे, असे मी म्हणालो होतो.”

“मंग झालं! आमच्या खैरटोल्यात एक नसलेली जोडी हाये. ती पटात धावू शकते का नाही, तेवढं पाहून द्या. यंदा पंच तुमीच. गाडी पाठवतो.”

मी होकार का दिला, हे सांगणे कठीण नाही. तीस वर्षांत या विषयावर माझे मत विचारणारा तो पहिला मनुष्य होता.

साकोली ओलांडून आम्ही सानगडीच्या दिशेने निघालो. धान कापून झालेल्या बांध्यांमधून गाडी जात असताना मोतीलालजींनी प्रकरण सांगितले. खैरटोला हे त्यांचे मूळ गाव आणि तिथल्या पट समितीचे ते अध्यक्ष. पट म्हणजे बैलांची शर्यत. शेजारी शेजारी दोन दाणी, म्हणजे धावण्याच्या दोन पट्ट्या, मध्ये चुन्याची रेघ. दोन जोड्या एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून धावतात; जी आधी पोचेल ती जिंकली, आणि जी रेघ ओलांडून दुसऱ्याच्या दाणीत शिरेल ती बाद. जिंकणाऱ्याच्या अंगणात वर्षभर गावाचे निशाण उभे राहते.

मग वरच्या न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. पहिल्या वर्षी गावाला ती नीट कळलीच नाही. पाहुण्यांना निमंत्रणे गेलेली, जावई आलेले, नाटक मंडळीशी बोलणी झालेली, जिलेबीची कढई तापलेली. मैदानावर एकही बैल येऊ नये म्हणून पोलीस उभे होते, आणि एकही बैल आला नाही. तरीही ठरलेल्या वेळी लोक दाणीच्या दोन्ही बाजूंना दाटीने उभे राहिले, कारण दरवर्षी या वेळी ते तिथेच उभे राहत. भोंग्यावरच्या माणसाने सवयीने जोड्यांची नावे पुकारली. सवयीने झेंडी पडली. हजार माथी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वळली, आणि पलीकडच्या पंचाने निकाल दिला.

“आणि निकालावर कोणाचा वाद?” मी विचारले.

“एकाचा नाही. सगळ्यायनं पाह्यलं होतं न जी.”

पोलिसांनाही हरकत घेता येईना. बैल धावू नयेत असा हुकूम होता. जे धावले ते बैल नव्हते. बंदी असेपर्यंत हा पट दरवर्षी भरत गेला आणि दरवर्षी एकच जोडी जिंकत गेली: खैरटोल्याच्या दादाजींची, बादशा आणि मुनीम.

याचे कारण मला मोतीलालजींनी सांगितले, आणि ते ऐकताच मी गाडीत सरळ होऊन बसलो. इतर गाडीवानांचे बैल घरी गोठ्यात होते. ते किती धावतात हे गावाला ठाऊक होते, म्हणून मैदानावर नसतानाही ते तेवढेच धावत. दादाजींनी मात्र बंदी आल्यावर, पहिल्या पटाआधीच, आपली जोडी विकून टाकली होती. ती कुठेच नव्हती. म्हणून तिच्या वेगाला सीमा नव्हती.

विशीतच मृत्यू पावलेल्या एका चिनी भाष्यकाराने अगदी हेच म्हटले आहे. जे आहे ते काहीतरी एक असते, आणि म्हणून दुसरे काही असू शकत नाही. जे नाही त्याला असला अडथळा नसतो, म्हणून तेच सर्वांचे मूळ. हे समजावून सांगायला मला ग्रंथाची चाळीस पाने लागली होती. खैरटोला त्याचा निकाल लावून मोकळा झाला होता.

आता बंदी उठली होती. तुमसरच्या एका राइस मिलचे मालक संजीवशेठ यांनी मध्य प्रदेशातून खरीखुरी, किमती जोडी आणली होती आणि निशाणावर दावा सांगितला होता. त्यांचे म्हणणे, दादाजींकडे बैल नाहीत, तेव्हा निशाण मुकाट्याने द्यावे. दादाजींचे म्हणणे, धावून न्यावे.

दादाजींच्या अंगणात ते निशाण होते: बांबू, तांबडे कापड, टोकाला पितळी कळस. दादाजी सत्तरीचे, वाळलेल्या शेंगेसारखे, पायरीवर बसून कासऱ्यांना, म्हणजे बैलांच्या दोऱ्यांना, तेल लावत होते. गोठ्यात दोन खुंटे होते आणि गव्हाणीत ताजे तणस, म्हणजे धानाचा पेंढा. गोठ्यात दुसरे काहीही नव्हते.

“तणस रोज टाकता?” मी विचारले.

उत्तर त्यांच्या पत्नीने, धुरपताबाईंनी, चुलीपासून दिले. “रोज टाकते बुढा. अन् रोज म्या काढतो. नसलेल्या बैलायचं शेण तरी पडतं, त म्या गवऱ्या थापल्या असत्या!”

“तू गप गे,” दादाजी म्हणाले.

“गप काहून? सर आले शिकलेले, त्यायले समजू द्या. सर, मागच्या साली यायनं शेजाऱ्याचा ट्रॅक्टर अंगणात येऊ नाही देला. का, त बादशा बुजते!”

दादाजींनी कासरा गुंडाळून मांडीवर ठेवला. मग माझ्याकडे न पाहता बोलले. “पटाचा बैल नांगराले चालत नाही जी. बंदी आली, त निस्ते खाऊन राहिले होते. व्यापारी आला. गाडीत चढवले तवा मुनीमनं मागं पाह्यलं. बादशानं नाही पाह्यलं, तो आधीपासून घमंडी होता.” त्यांनी निशाणाकडे बोट केले. “हे निशाण हाये तोवर मी बैलवाला हाओ. हे गेलं, का मी बैल विकणारा माणूस. बस, एवढंच हाये.”

धुरपताबाईंनी चुलीत फुंकर मारली.

मारुतीच्या पारावर सुनावणी झाली. संजीवशेठ पांढऱ्या बुटांत आले होते आणि त्यांनी बोलायला वेळ लावला नाही.

“सर, सीधी बात. जे नाही ते नाही. नाहीतून काही निघत नाही. निघत असतं, त मी धान कायले विकत घेतो? रिकाम्या पोत्यातून तांदूळ काढले असते.”

मला मान्य करावे लागले, की युक्तिवाद भक्कम होता. “आपला हा मुद्दा तिसऱ्या शतकाच्या अखेरीस एका चिनी दरबाऱ्याने मांडला आहे,” मी म्हणालो. “असण्याच्या बाजूने त्याने प्रबंधच लिहिला. पुढे त्याला ठार मारण्यात आले.”

संजीवशेठ एक पाऊल मागे सरले. “धमकी देऊन राहिले का सर?”

“नाही. त्याचा मृत्यू राजकारणातून झाला.”

“इथंही राजकारणच हाये!” मागून कोणीतरी ओरडले आणि पार हसला.

“त्यानंतर तिसरा एक आला,” मी पुढे म्हणालो, कारण इतके श्रोते मला वर्गात कधी मिळाले नव्हते. “तो म्हणाला, नसणे कशाला जन्म देत नाही आणि असणेही नाही. प्रत्येक वस्तू आपली आपण होते. तिला धावायला कोणी लावत नाही.”

“मंग धुरकऱ्याले मजुरी कायची देतो मी?” संजीवशेठ म्हणाले. धुरकरी म्हणजे जोडी हाकणारा. पुन्हा हशा झाला, आणि या वेळी तो माझ्यावर होता. त्या हशाने त्यांना जोर चढला. हात झटकून ते म्हणाले, “मोतीलालजी, हे चिनी-बिनी इथं कायले आणलं? हा विषय आपल्या मातीतला नाही.”

मी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मला असणे आणि नसणे या दोन पक्षांतील कोणता बरोबर, हे ठरवायचे होते. आता ते ठरवण्याची गरज उरली नाही.

“निर्णय,” मी म्हणालो. “जिने अनेक वर्षे निर्विवादपणे शर्यत जिंकली, त्या जोडीला केवळ ती नाही एवढ्या कारणाने शर्यतीतून वगळता येणार नाही. दादाजींच्या जोडीला डावी दाण द्यावी.”

पारावर टाळ्या पडल्या. दादाजींनी हात जोडले. मी नजर दुसरीकडे वळवली, कारण तो निर्णय मी त्यांच्यासाठी दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैदान भरले. उजव्या दाणीत संजीवशेठची जोडी, पांढरी, शिंगांना तांबडे गोंडे, छकड्यावर दिवसाची मजुरी घेणारा नावाजलेला धुरकरी. डाव्या दाणीत नुसता छकडा. त्याचे जू जमिनीला टेकले होते, आणि छकड्यात दादाजी कासरे ताणून उभे. मी समितीला विचारले, की छकडा जागेवरून हलत नसताना बैल पुढे कसे जातात. मोतीलालजींनी मला गावंढळ समजून हळू आवाजात सांगितले, “म्हून त जिंकते न जी. ओझं नाही.”

धुरकऱ्याने संजीवशेठला काहीतरी सांगण्याचा प्रयत्न केलेला मी पाहिला. शेठनी त्याला हाताने गप्प केले. तो काय सांगत होता, ते नंतर कळले. पटाचा बैल एकटा धावायला शिकलेला नसतो. शेजारच्या जोडीचा श्वास कानाशी आला की तो पळतो. शेजारी कोणी नसेल तर त्याला धावण्याचे कारण उरत नाही.

झेंडी पडली. भोंगा किंचाळला, “आली, आली, आली! बादशा पुढं! मुनीम दाबून राहिला! तुमसरवाले मागं!” लोकांनी माना वळवल्या. मी पंच म्हणून निष्ठेने डाव्या दाणीकडे पाहत होतो. तिथे ऊन होते आणि धूळ होती. धूळ उजव्या दाणीतून येत असावी, असे माझे मत आहे. ते मी ठामपणे सांगणार नाही.

निम्म्या अंतरावर संजीवशेठची पांढरी जोडी मंदावली. बैलांनी डावीकडे पाहिले. शेजारी असायला हवे ते तिथे नव्हते, आणि ते शोधायला दोन्ही बैल चुन्याची रेघ ओलांडून सरळ डाव्या दाणीत गेले. तिथे उभे राहून त्यांनी हवा हुंगली. धुरकऱ्याने ओरडून पाहिले, दोर ओढून पाहिला. बैल हलले नाहीत.

मैदानात गलका झाला. “बाद! बाद!”

संजीवशेठ पांढऱ्या बुटांनी ढेकळे तुडवत माझ्याकडे धावत आले. “बाद कायची? दुसऱ्याच्या आडवं गेलं त बाद. तठी कोणी होतं का? सांगा सर! कोणी होतं का तठी?”

मी तयार होतो. आयुष्यभराच्या अभ्यासाने मनुष्याला फार क्वचित असा क्षण मिळतो. “शेठ, तिथे जोडी होती असे म्हणाल, तर तुम्ही तिला आडवे गेलात, तुम्ही बाद. तिथे जोडी नव्हती असे म्हणाल, तर शर्यतच झाली नाही, आणि निशाण ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे राहील. दोन्हींपैकी कोणतेही एक निवडा.”

मी भोंग्याचा माइक हातात घेतला. माझ्या ग्रंथाचा जगावर पहिला परिणाम घडायला फक्त एक वाक्य उरले होते.

“सर, थांबा जी.”

दादाजी छकड्यातून उतरून आले होते. कासरे त्यांच्या हातात लोंबत होते. “माझी जोडी पोचली नाही.”

“दादाजी, त्यांची जोडी बाद आहे. आपण काही बोलू नका.”

“यायचे बैल आडवे आले, तवा म्या कासरा ओढला. नसता ओढला, त मुनीमचं शिंग त्या पांढऱ्याच्या पोटात गेलं असतं. मुके जनावर हायेत जी. त्यायची काय चूक?” त्यांनी पंजे पुढे केले. तळव्यांवर दोराचे तांबडे वळ उठले होते. “एकदम ओढलं. मुनीमचा पाय मुरगळला. बादशाही तठीच थांबला. पोचले नाही.”

“पण तुम्ही हे सांगितले नाही, तर निशाण तुमचेच राहते!” पंच असूनही मी हे म्हणालो. माइक चालू होता. साऱ्या मैदानाने ते ऐकले.

“सांगितलं नाही, त माझे बैल नव्हतेच असं होते न,” दादाजी म्हणाले. “असते त थांबले असते. अन् थांबले.”

मोतीलालजींनी माझ्याकडे पाहिले. मी कोणाकडे पाहावे, हे मला समजले नाही. तीन भाष्यकार मला आठवले, एकामागून एक. पहिल्याचे नसणे सर्वांचे मूळ होते, दुसऱ्याचे निरुपयोगी, तिसऱ्याचे निव्वळ काही नाही. लंगडणाऱ्या नसण्याची सोय तिघांपैकी कोणीही केलेली नव्हती. माझ्या ग्रंथातही ती नाही.

संजीवशेठचा आवाज आता खाली आला होता. “मंग परत धावू. आज नाही त उद्या. मले असं फुकटचं निशाण नको.”

“लंगड्या बैलाले धावाडू?” दादाजी पहिल्यांदाच चिडले. “तुमच्या तुमसरात धावाडत असतील.”

निशाण ज्याच्याकडे आहे त्यानेच जोडी काढून घेतली, तर समोरचा बाद असला तरी ते त्यालाच जाते, असा गावाचा रिवाज होता. तो मोतीलालजींनी माझ्या कानात सांगितला आणि मी माइकवर जाहीर केला. डाव्या दाणीच्या कडेला उभ्या असलेल्या लोकांनी न सांगता मागे सरून वाट करून दिली, आणि दादाजी कासरे हातात धरून, फार हळू, मधूनमधून थांबत, घराकडे निघाले. मुनीमला चालवत नव्हते.

ऊन कलायच्या आत आम्ही निशाण आणायला गेलो. संजीवशेठनी बांबू उपटण्यापूर्वी बूट काढून बाजूला ठेवले, हे मी पाहिले. मग निशाण खांद्याला लावून ते तिथेच घुटमळले. गोठ्याकडे बघत, घसा साफ करत, त्यांनी विचारले, “दादाजी, जोडी देता का? पाय बरा झाल्यावर. तुमी म्हणाल ते.”

मी त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा शोधली. व्यापारी माणूस होता. माल पाहिल्यावर त्याला तो ओळखता येत होता.

“एकदा विकले जी,” दादाजी म्हणाले. “आता नाही विकत.”

शेठ गेले. निशाण गेल्यावर अंगणात बांबूचे भोक तेवढे उरले. दादाजी गोठ्यात जाऊन उकिडवे बसले होते आणि त्यांचा हात जमिनीपासून वीतभर उंचीवर, हवेत, सावकाश फिरत होता. त्यांचे सांत्वन करावे म्हणून मी आत गेलो. सर्व संदर्भांसहित एक वाक्य माझ्याकडे तयार होते: जे हरू शकते ते असतेच, कारण जे मुळात नाही त्याला काही गमावता येत नाही. वाक्य चांगले होते. ते ऐकायला तिथे कोणी मोकळे नव्हते.

धुरपताबाई आत आल्या. त्यांच्या एका हातात गरम केलेल्या हळद-तेलाची वाटी होती आणि दुसऱ्या हातात फडके. गव्हाणीतले तणस आज त्यांनी काढले नव्हते.

“कोणता पाय?” त्यांनी विचारले.

“मांगचा डावा,” दादाजी म्हणाले.

त्यांनी फडके तेलात बुडवले, पिळले, आणि मग खाली बसता बसता त्यांचे माझ्याकडे लक्ष गेले. मी खुंट्यांच्या मधोमध उभा होतो.

“सर, जरा बाजूले सरका जी. मुनीम लाथ मारते.”

मी सरकलो.